टनांचा आकडा वाढतोय, ताकद का वाढत नाही? व्यायामाचा व्हॉल्यूम मोजण्याबद्दल

प्रश्न विचारणारा तरुण निपाणीजवळच्या गावातला आहे. वय २६, जिमला तीन वर्षं झाली, आठवड्यातून चार संध्याकाळी जातो. प्रत्येक सेटचं (न थांबता मारलेल्या एका फेरीचं) वजन आणि रेप (त्या फेरीत ते किती वेळा उचललं) मोबाइलवर टिपतो, दोन्हींचा गुणाकार करतो आणि रविवारी आठवड्याची बेरीज काढतो. दहा आठवड्यांत ही बेरीज ३८,००० किलोंवरून ५२,००० किलोंवर गेली. बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून रॉड वर ढकलणं) मात्र ८० किलोच्या पाच रेपवर अडकलाय आणि उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागलाय. त्यात घरच्या उसाला तोड आली आहे. ऊसतोडीची टोळी कमी पडली की मोळ्या भरायला घरची माणसं लागतात. त्याने विचारलंय, ‘सर, व्हॉल्यूम, म्हणजे व्यायामाचं एकूण काम, टनांत मोजू की सेटमध्ये? आणि शेतातलं काम त्यात धरायचं का?’

आधी थोडक्यात सांगतो. सगळ्या व्यायामांची मिळून एक बेरीज करणं आजपासून बंद कर. स्नायू वाढवायचा असेल तर त्या स्नायूला आठवड्यात किती कष्टाचे सेट मिळाले ते मोज. ताकद वाढवायची असेल तर त्या लिफ्टमध्ये, म्हणजे वजन उचलण्याच्या त्या प्रकारात, जड वजनाचे किती रेप झाले ते मोज. शेतातलं काम धरायचंच, पण किलोंत नाही. ते कसं धरायचं ते पुढे सविस्तर येईल.

तू पाठवलेल्या पहिल्या आणि दहाव्या आठवड्याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी तू बेंचवर ७५ किलोचे पाच-पाच रेपचे चार सेट मारलेस. म्हणजे १,५०० किलो. दहाव्या आठवड्यातल्या सोमवारी ७५ चा एकच सेट आहे, आणि त्याखाली ५० किलोचे १५ रेपचे चार सेट. ३७५ अधिक ३,००० म्हणजे ३,३७५ किलो. तुझ्या हिशोबात काम दुपटीच्या वर गेलं. पण ८० किलोचे पाच रेप काढणाऱ्याची एका रेपची कमाल, म्हणजे एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन, अंदाजे ९३ किलो धरली, तर ७५ किलो म्हणजे त्याच्या ८० टक्के होतात. त्या जड वजनाचे रेप तू २० वरून ५ वर आणलेस. ५० किलो म्हणजे कमालीच्या जेमतेम ५४ टक्के. दहा आठवडे तू शरीराला ५० किलो पुष्कळ वेळा ढकलायला शिकवलंस आणि ते शिकलं. ८२.५ किलो ढकलायचं तू त्याला शिकवलंच नाहीस.

यात आळस कुठेच नाही. तुझ्यासमोर जो आकडा होता तो वाढवण्यासाठी तू प्रामाणिकपणे कष्ट केलेस, आणि त्या आकड्याला हलकं वजन आणि जास्त रेप आवडतात. टनांच्या बेरजेची खोड तीच आहे. लेग प्रेसवर १५० किलोचे १२ रेपचे चार सेट मारले की ७,२०० किलो होतात. ९० किलोच्या स्क्वॉटचे (रॉड खांद्यावर घेऊन बैठक) पाच-पाच रेपचे पाच सेट मारले की २,२५०. स्क्वॉटनंतर जिन्यावरून उतरताना पाय थरथरतात आणि वहीत मात्र लेग प्रेस तिप्पट मोठा दिसतो. लेग प्रेसची सरकती पाटी तिरकी असते, वजनाचा काही भाग रुळांवरच जातो, पाठीला काही पेलावं लागत नाही. बेळगावच्या यार्डात रताळी आणि मिरची एकाच पावतीवर किलोंत जोडून कुणी मालाचा भाव काढत नाही, तसंच हे.

तालमीतलं उदाहरण घे. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. जोर मारताना भार पुढे-मागे सरकत राहतो, म्हणून अंदाजच धरावा लागेल. ७० किलोच्या पोराने ३०० जोर मारले तर तुझ्या पद्धतीने ते १३ टनांच्या वर जातात. तेवढे टन बेंचवर भरायला तुला ७५ किलोचे जवळजवळ १८० रेप मारावे लागतील. याचा अर्थ जोर बेंचपेक्षा भारी असा नाही आणि हलका असाही नाही. जोर दम, खांद्यांची लवचिकता आणि चिवटपणा देतो, आणि मातीत लढणाऱ्याला तो हवाच. आमच्या तालमीत जुने पैलवान हौद्याच्या कडेला खडे मांडून शंभराची एकेक खेप मोजायचे आणि त्यांच्या कामाला तो हिशोब पुरेसा होता, कारण व्यायाम तोच, माणूस तोच, भारही तोच. बदलायचे ते फक्त रेप.

टनांचा आकडा त्याच परिस्थितीत उपयोगी पडतो. लिफ्ट एकच, रेपची पट्टी एकच आणि खाली-वर जाण्याचं अंतर एकच असेल, तर जरूर बघ. ऑक्टोबरात स्क्वॉट ९० किलो × ५ रेप × ४ सेट म्हणजे १,८०० आणि डिसेंबरात ९५ × ५ × ५ म्हणजे २,३७५ झालं, तर ती प्रगती खरी. बेंचला बायसेप कर्ल जोडलास की त्या आकड्यातून काहीच कळत नाही.

आता सेट मोजण्याकडे येतो, कारण गोंधळ तिथेही होतो. प्रत्येक सेट मोजायचा नसतो. जो सेट संपताना तुझ्याकडे नीट पद्धतीने मारता येतील असे फार तर तीन रेप शिल्लक होते, तोच वहीत धरायचा. वॉर्मअपचे सेट धरायचे नाहीत. गप्पा मारत, मोबाइल बघत १२ वर थांबलेला, पण २० निघाला असता असा सेटही धरायचा नाही. शिल्लक रेपचा हा अंदाज नवख्याला जमत नाही. बहुतेक पोरं ‘दोनच राहिले होते’ म्हणतात आणि मी ‘मार पुढे’ म्हटलं की आणखी पाच निघतात. म्हणून महिन्यातून एकदा, मशीनवर किंवा डंबेलवर, जिथे वजन अंगावर पडायची भीती नाही अशा व्यायामाचा शेवटचा सेट खरंच अडकेपर्यंत मारून बघ. अडकण्याआधीच्या दोन-तीन रेपला रॉडचा किंवा डंबेलचा वेग किती मंदावतो, हे तेव्हा कळतं. बेंचवर हा प्रयोग एकट्याने करू नकोस. वरून सपोर्ट देणारा हवा, तो मराठीत मोजू दे नाहीतर कन्नडमध्ये ‘ओंदु, येरडु’ करू दे, पण त्याचं लक्ष रॉडवर हवं.

दुसरी अडचण अशी की एका व्यायामात अनेक स्नायू राबतात. बेंचचा एक सेट छातीला पूर्ण, आणि ट्रायसेपला व खांद्याच्या पुढच्या भागाला अर्धा, असं धरून चाल. रोइंग किंवा पुलडाउनचा, म्हणजे वजन अंगाकडे ओढण्याचा, सेट पाठीला पूर्ण आणि बायसेपला अर्धा. ही वाटणी ढोबळ आहे, पण अर्धा न धरण्यापेक्षा किंवा पूर्ण धरण्यापेक्षा सत्याच्या जवळ जाते. अलीकडच्या संशोधनातही अर्ध्या सेटचा हिशोब वापरायला लागले आहेत.

याच हिशोबाने तुझा दहावा आठवडा मांडतो. बेंचचे १०, इन्क्लाइन (तिरक्या बाकावरच्या) डंबेल प्रेसचे ८, डिप्सचे (समांतर दांड्यांवर हाताने अंग वर-खाली करण्याचे) ६. हे २४ सेट खांद्याच्या पुढच्या भागाला अर्धे, म्हणजे १२. ओव्हरहेड प्रेसचे (वजन डोक्यावर ढकलण्याचे) ४ पूर्ण. त्यावर समोर डंबेल उचलण्याचे ८. एकूण २४. आणि त्याच आठवड्यात पाठीला रोइंगचे सेट किती? ८. हा आकडा तुला कधी दिसलाच नाही, कारण समोर उचलायचे डंबेल सात-सात किलोचे. टनांच्या बेरजेत ते कुठे हरवून जातात तेही कळत नाही. पण खांदा त्यांची नोंद ठेवतो. दुखण्याचं कारण एवढंच असेल असं मी लांबून सांगणार नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर नेताना मध्येच कळ येत असेल किंवा हातातली शक्ती कमी वाटत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव, व्यायामाचं नंतर बघू. तोवर समोर डंबेल उचलणं पूर्ण बंद. बेंच आणि प्रेस करणाऱ्याला त्याची गरज फारशी पडत नाही.

आठवड्याला किती सेट पुरेत, हा तुझा न विचारलेला प्रश्न. २०१७ मध्ये अमेरिकी व्यायामशास्त्रज्ञ ब्रॅड शोएनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १५ अभ्यास एकत्र तपासले. एका स्नायूला आठवड्यात पाचपेक्षा कमी सेट, पाच ते नऊ, आणि दहा किंवा जास्त, अशी विभागणी केली, तर सेट वाढतील तशी स्नायूंची वाढ जास्त दिसली. म्हणून दहाच्या आसपासून सुरुवात करायला मी सांगतो. पण त्याच गटाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तुझ्यासारख्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. आधीपासून व्यायाम करणारे ३४ पुरुष, आठ आठवडे, आठवड्याला तीन दिवस. एका गटाला प्रत्येक व्यायामाचा एक सेट, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच. स्नायूंची जाडी जास्त सेट करणाऱ्यांची जास्त वाढली. ताकद तिन्ही गटांची सारखीच वाढली. एक सेटवाल्यांचा व्यायाम जेमतेम १३ मिनिटांत उरकत होता. यावरून कुणी एकच सेट करावा असं माझं म्हणणं नाही. ताकदीसाठी सेटचा ढीग लागत नाही, एवढं त्यातून दिसतं.

हे आजचंच शहाणपण आहे असंही नाही. वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत वैद्यकात रुजवणारे अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म १९४० च्या दशकात जखमी सैनिकांचे पाय बळकट करत होते. सुरुवातीला ते दहा-दहा रेपचे सात ते दहा सेट करून घेत. १९४८ पर्यंत त्यांनी आणि त्यांचे सहकारी वॉटकिन्स यांनी तो आकडा तीन सेटवर आणला. पहिला सेट दहा रेपच्या कमाल वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने. खरा कष्टाचा सेट त्यात एकच.

ताकदीचा हिशोब मी असा करायला सांगतो. तुझ्या तीन-चार मुख्य लिफ्ट ठरव आणि त्यांच्या अंदाजे कमालीच्या ७५-८० टक्क्यांच्या वरचे रेप वेगळे मोज. कमाल काढायला रोज जीव धोक्यात घालून एक रेप मारायची गरज नाही. अमेरिकी प्रशिक्षक एप्ली यांचं सूत्र सोपं आहे. रेपला ३० ने भाग, त्यात एक मिळव, आलेल्या आकड्याने वजनाला गुण. ८० किलोचे पाच रेप म्हणजे ९३ च्या जवळपास. पाच-सहा रेपपर्यंत हा अंदाज बरा बसतो, १५-२० रेपवरून काढलेल्या कमालीवर विसंबू नकोस. सोव्हिएत वेटलिफ्टिंग प्रशिक्षक प्रिलेपिन यांचं कोष्टक तू पाहिलं नसशील. ८० ते ९० टक्के वजनाला एका सत्रात १० ते २० रेप, १५ सगळ्यांत बरे, आणि एका सेटमध्ये दोन ते चारच, असं त्यात आहे. ते स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या वेटलिफ्टिंग स्पर्धेतल्या दोन प्रकारांसाठी बनवलेलं, म्हणून बेंचला जसंच्या तसं चिकटवू नये. पण एकूण अंदाज लागतो. तू पहिल्या आठवड्यात २० वर होतास, म्हणजे ठीक होतास. दहाव्या आठवड्यात ५ वर आलास.

आकडे खरे हवेत, नाहीतर हे सगळं व्यर्थ. आपल्या भागातल्या लहान जिममध्ये रॉड २० किलोचाच असतो असं नाही. सात, दहा, बारा किलोचे रॉड सर्रास असतात आणि सगळे सारखेच दिसतात. काही प्लेट पौंडाच्या, काही किलोच्या, आकडा घासून गेलेला. एकदा रॉड आणि संशयास्पद प्लेट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून ये आणि प्रत्येकावर रंगाने वजन लिहून ठेव. जिमवाले आनंदाने करू देतात, त्यांनाही ते कळलेलं हवं असतं. ४५ पौंडाची प्लेट २०.४ किलोची असते. दोन्ही बाजूंना ती ४५ किलोची समजून पोरांनी सांगितलेला ‘एकशे दहाचा बेंच’ मी पाहिलेला आहे. केबल मशीनचे आकडे तर एका जिमचे दुसऱ्या जिमला लागूच पडत नाहीत, कारण पुलीची रचना वेगळी असते. कधी निपाणीत, कधी कोल्हापुरात व्यायाम करत असशील तर मशीनच्या नोंदीपुढे जिमचं नाव लिही.

स्क्वॉटला किती खाली बसतोस, त्याचंही तसंच. वजन वाढलं आणि स्क्वॉट चार बोटं वर आला, तर वहीतली वाढ खोटी आहे. महिन्यातून एकदा बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि मागच्या महिन्याच्या शेजारी ठेवून बघ. आणि मधली विश्रांती. मुख्य लिफ्टच्या दोन सेटमध्ये तीन मिनिटं घेत जा. एक मिनिटात उठून मारलेले सेट घामाने जास्त भिजवतात, पण तिसऱ्या सेटपासून वजन किंवा रेप पडतात.

आता तुझ्या प्रश्नातला सगळ्यांत मोलाचा भाग, शेताचा. पुण्या-मुंबईत लिहिलेले व्यायामाचे तक्ते धरून चालतात की माणूस दिवसभर खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी जिमला येतो. आपल्याकडे खानापूर भागातली पोरं जुलैत चिखलात वाकून भाताची लावणी करून येतात आणि तक्त्यात लिहिलंय म्हणून डेडलिफ्टचे (रॉड जमिनीवरून उचलण्याचे) पाच सेट मारतात. मग कंबर धरली की दोष डेडलिफ्टला. रताळी काढणीच्या दिवसांत पोती उचलणाऱ्याचं तेच. आणि तुझं तर बघ, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना दोन्ही हात वर धरलेले असतात. दुपारी खांद्यांनी तेच काम केलंय आणि संध्याकाळी तू त्यांना २४ सेटांपैकी सहा द्यायला निघतोस.

मोळ्यांचं वजन आणि संख्या यांचा गुणाकार करू नकोस, त्यातून काही हाती लागणार नाही. अमेरिकी व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची साधी रीत वापर. काम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचार, एकंदर किती जड गेलं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. तो आकडा गुणिले मिनिटं. समज तू चार तास मोळ्या भरल्यास आणि सहा गुण दिलेस. २४० गुणिले ६ म्हणजे १,४४०. जिमचा ७५ मिनिटांचा व्यायाम सात गुणांचा असेल तर ५२५. म्हणजे एका दुपारची मोळीभरणी जिमच्या जवळपास तीन सत्रांइतकी पडली. हंगाम नसताना चार दिवसांच्या जिमचे तुझे २,१०० होत होते. दोन दिवस ऊस भरलास की तेच जवळजवळ ५,००० होतात. तू जिममध्ये काहीही न वाढवता तुझा भार दुपटीच्या वर गेला, आणि तू त्याच दहा आठवड्यांत जिमचा आकडाही वाढवत होतास. हा आकडा कुठला स्नायू किती थकला ते सांगत नाही, ते तुला कामाकडे बघूनच ठरवावं लागेल. पण आठवडा कुठल्या दिशेने चाललाय ते स्पष्ट दाखवतो.

हंगामात जिम कमी केली तर कमावलेलं जाईल, ही भीती मला बहुतेक शेतकरी पोरांच्या तोंडून ऐकायला मिळते. ती काढून टाक. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांकडून १६ आठवडे मांड्यांचा व्यायाम करून घेतला आणि नंतर ३२ आठवडे तो काहींचा तिसऱ्या भागावर, काहींचा थेट नवव्या भागावर आणला. २० ते ३५ वयाच्या गटात नवव्या भागानेही स्नायूंचा आकार टिकला. साठीच्या वरच्यांना तेवढं पुरलं नाही. तू २६ चा आहेस. गळीत हंगामाचे चार-पाच महिने थोडक्या पण जड सेटांवर काढलेस तर तुझं काही जाणार नाही. कमी करायचे ते सेट. वजन तसंच राहू दे. पोरं नेमकं उलटं करतात, दमले म्हणून वजन निम्मं करतात आणि रेप वाढवतात. कुस्तीतल्या जाणत्या वस्तादांचं वेळापत्रक बघ. पावसाळ्यात मैदानं नसतात तेव्हा मेहनत वाढवतात, यात्रांचा हंगाम आला की पैलवानाला ताजा ठेवतात. तुझा हंगाम उसाचा आहे, एवढाच फरक.

नोंद कशी ठेवावी याबद्दल, मोबाइल की कागद यावर वेळ घालवू नकोस, जे रोज हातून होईल ते. मात्र काय लिहायचं ते महत्त्वाचं. माझ्याकडे बेळगावच्या टिळकवाडीतल्या एक शिक्षिका येतात, त्यांची दोनशे पानी वही मी नव्या पोरांना दाखवतो. एका ओळीत एक व्यायाम. ‘स्क्वॉट ४५ – ६, ६, ६, ५’ आणि पुढे गोलात ‘२’, म्हणजे शेवटच्या सेटला दोन रेप शिल्लक होते. पानाच्या समासात पेन्सिलने एक-दोन शब्द. ‘झोप चार तास.’ ‘पेपर तपासणी, मान आखडली.’ ‘उपास.’ मार्चमध्ये त्यांचा स्क्वॉट तीन आठवडे जागचा हलला नाही, तेव्हा त्या घाबरल्या. आम्ही वही उघडली, तर तिन्ही आठवडे समासात दहावीच्या परीक्षेचं काम आणि अपुरी झोप. वजन न बदलता प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी केला. एप्रिलच्या मध्यावर ४७.५ किलोचे सहा-सहा रेपचे चार सेट त्यांच्या वहीत लिहिलेले आहेत. तुझ्या मोबाइलमधल्या तक्त्यात समास नाही. एक जास्तीचा रकाना कर आणि त्यात ‘ऊस ४ तास’ असं काही लिहीत जा.

आता तुझ्यापुरतं. खांदा तपासून घेतलास आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, असं धरून सांगतो. जुना तक्ता पुसू नकोस, फक्त एकत्रित बेरजेचा रकाना काढून टाक. ऊस जाईपर्यंत चारऐवजी तीन दिवस ये आणि मोळ्या भरल्याच्या संध्याकाळी येऊच नकोस. बेंच आठवड्यातून दोनदा, पहिल्या दिवशी ७५ किलोचे चार-चार रेपचे तीन सेट, दुसऱ्या दिवशी ७० किलोचे पाच-पाचचे तीन. खांद्याला कळ येत असेल तर रॉडऐवजी डंबेल, कोपरं अंगाजवळ, आणि कळ येणार नाही एवढ्याच वजनाने. डिप्स आणि समोर डंबेल उचलणं बंद. इन्क्लाइन आठवड्याला तीन सेट. ओव्हरहेड प्रेस हंगाम संपेपर्यंत नको, हात वर धरायचं काम मोळी करून घेतेय. पुढच्या खांद्याचे सेट यात पाचच्या खाली येतात. रोइंग ८ वरून १० कर, पण छाती बाकावर टेकवून, म्हणजे कंबरेवर आणखी भार पडणार नाही. डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, दोन जड सेट. स्क्वॉट दोनदा, तीन-तीन सेट.

शेवटची ट्रॉली गेल्यावर एक आठवडा नुसती झोप आणि हलकं चालणं. त्यानंतर प्रत्येक स्नायूला दर दोन आठवड्यांनी दोन सेट वाढवत १२ पर्यंत जा आणि तिथे थांबून बघ. सलग दोन आठवडे त्याच वजनाला रेप घसरले, किंवा पायांचं दुखणं पुढच्या लेग डेपर्यंत टिकलं, तर आठवडाभर सेट निम्मे कर. बेंचला ७५ चे तीनही सेट संपताना दोन रेप शिल्लक वाटले की ७७.५ कर, त्याआधी नाही. मेच्या अखेरीस चांगल्या सपोर्टखाली ८२.५ चा एक सेट मारून बघ. तो आकडा आणि त्या आठवड्याचा समास, दोन्ही मला पाठव.